दोराचं दुसरं टोक

सुरभीने काथ्याचा दोर म्हाताऱ्या बुधीच्या हातात परत दिला आणि कमरेला स्वतःची लाल ओढणी घट्ट बांधली. दोर टोचतो, शिवाय फोटोत वाईट दिसतो, असं तिचं म्हणणं. जुन्या धक्क्यावर अख्खं गाव जमलं होतं. खाली पाताळगंगा नदी गढूळ आणि काठोकाठ.

गाव स्वतःला बंदर म्हणवायचं, म्हणून चौक गावच्या शाळेत पोरं सुरभीला चिडवायची, तुमच्या बंदरात आज कुठलं जहाज लागलंय गं? पण बंदर होतं, अगदी खरंखुरं होतं. भरतीच्या पाण्यावर शिडाचे मचवे इथवर यायचे. मीठ, सुकी मासळी उतरवायचे आणि भात, कोळसा, लाकूड न्यायचे. मचवे सुरभीच्या खापरपणज्याचे. पुढे रस्ता झाला, नदीत गाळ भरला, मचवे गेले. उरला हा धक्का आणि नारळी पुनवेचा मान. कमरेला दोर गुंडाळून सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरायचं, नारळ सोडायचा. आणि हा मान कुणाचा? तर डोंगराकडेच्या आदिवासी वाडीवरल्या बुधीच्या घराचा.

मचवे आमचे, धक्का आमचा, मग मान त्यांचा कसा? सुरभीने हे थेट ग्रामसभेत विचारलं. नववीतली मुलगी, हातात माईक, एकदाही न अडखळता. टाळ्याच पडल्या. तिचे वडील हिरामण तर आठवडाभर छाती पुढे काढून फिरत होते. यंदाचा मान सुरभीला मिळाला. वाडीवरून कुणी भांडायला आलं नाही, याचंच तेवढं नवल वाटलं.

आज धक्क्यावर आली ती बुधी, दोर घेऊन. मागे वाडीवरल्या चार बाया.

शोभेचाच तर दोर, ओढणी चालेल की मावशी, असं हिरामण म्हणाले. बुधी हसली. शोभेचा नाय, म्हणाली. पावसाळ्यात पायरी खचायची, गाळात झाडं रुतायची. मचवे लागायच्या आधी कुणीतरी तळाशी उतरून पायाने चाचपायला लागायचं. दोर त्यासाठी. जो वर आला त्याला जेवण, जो नाही आला त्याच्या घरी नारळ. तिच्या आज्याचा भाऊ असाच गेला. बाजारातल्या भाजीचा भाव सांगावा, तसं सांगितलं तिने हे.

सुरभीने पाण्याकडे पाहिलं. खालच्या पायऱ्या दिसतच नव्हत्या. हिरामण पुढे झाले, राहू दे म्हणाले, मान गेला खड्ड्यात. पण तिने ओढणी सोडली, बुधीच्या हातचा दोर घेतला आणि कमरेला बांधून घेतला. मान मागितला होता तिनेच. मग तिने दोराच्या लोंबत्या टोकाकडे पाहिलं.

"बुधीआजी, तेव्हा हे दुसरं टोक कोण धरायचं?"

"तुमच्याच घरचे," बुधी म्हणाली. "पाण्याला ओढ लागली का सोडून देत."

 हिरामणांनी टोक घ्यायला हात पुढे केला, पण बुधीने ते दिलं नाही. तिने ते स्वतःच्या मनगटाला दोनदा गुंडाळलं आणि टाच दगडाला रोवली. मागच्या बायांनीही दोराला हात घातला.

"उतर पोरी. आमी सोडीत नाय."