पातळ कीबोर्ड

"बाई, जाड कीबोर्ड घ्या. पातळ थेट नसांतून इशारा उचलतो. वेग विजेचा, पण बोटं कायमची बधिर," दुकानदार तांबोळी म्हणाले. "मल्हारशी बोलणार कशा?"

शाल्मलीचा धाकटा भाऊ मल्हार जन्मापासून आंधळा आणि बहिरा. तिची बोटं मुठीत धरून, कमीजास्त दाबून तो बोलायचा.

"मनगट दाबायला शिकेल हो. उद्या टायपिंग स्पर्धेची फायनल आहे, जाड घेऊन हरायला बसू?"

तिने पातळ कीबोर्डवर हात टेकवले. मुंग्या आल्या, मग काहीच नाही.

शेजारी उभ्या मल्हारने तिची बोटं मुठीत घेतली, काहीतरी विचारलं आणि थांबला. तिने सवयीने त्याचा तळवा दाबला. हो.

त्याचा चेहरा पडला. तिचा हात सोडून तो चाचपडत एकटाच दाराकडे निघाला.

आपण कोणत्या प्रश्नाला हो म्हणालो, हे शाल्मली त्याला विचारू शकली असती. उत्तर कळलं नसतं.