रिकामा गोल

लॅक्रॉसचा विश्वचषक दुसऱ्या दिवशी सुरू होणार होता आणि आमचा संघ अजून न्यूयॉर्कच्या विमानतळाजवळ एका हॉटेलात अडकला होता. जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा हा खेळ जगाला आम्ही, अमेरिकेतल्या मूळनिवासी हौदेनोशौनी लोकांनी दिला, पण आमच्या राष्ट्राचा स्वतःचा पासपोर्ट यजमान देशाला चालत नव्हता. "अमेरिकेचा पासपोर्ट घ्या, संध्याकाळच्या विमानात बसवतो," असं अधिकारी चौथ्यांदा सांगून गेला.

मी गोलकीपर. वय चौतीस, पुढच्या खेपेला मला कोण घेणार? खोलीत येरझाऱ्या घालून पाय दुखले, तेव्हा मी लाइलमामाला गाठलं. आमचा कोच तोच.

"मामा, एका सहीचा तर प्रश्न आहे."

"मग कर ना सही. फक्त आपली जर्सी इथे काढून ठेव."

मी सही केली नाही. कुणीच केली नाही. विमान गेलं.

दुसऱ्या दिवशी सगळे एका मोबाइलवर वाकलो. आमचा पहिला सामना जपानशी होता, आणि मैदानात त्यांचा संघ एकटाच उभा होता. समोरचे आले नाहीत, तर रिकाम्या जाळ्यात एक गोल मारायचा आणि सामना खिशात घालायचा, असा तिथला नियम. शिट्टी वाजली. त्यांचा कप्तान चेंडू घेऊन थेट माझ्या गोलपर्यंत धावत आला, थबकला, चेंडू गवतावर ठेवून कमरेत वाकला आणि मागे फिरला. पंच हातवारे करत राहिले, पण त्यांच्यातला एकही जण पुढे आला नाही.

"मामा, त्यांनी गोल मारलाच नाही!"

"कसा मारतील?" मामा म्हणाला. "गोलकीपर अजून पोचायचाय ना."