सरांची वही

सर हॉलमध्ये शिरले तेच लालबुंद होऊन. शिष्येच्या पहिल्या प्रदर्शनाचा पहिला दिवस, चित्रं बघायला हीऽऽ गर्दी. ते तडक आमंत्रणपत्रिकेवर छापलेल्या त्या मोठ्या चित्रासमोर जाऊन उभे राहिले. जिन्यावर पाठमोरी बसलेली बाई, मांडीवर शिवण, वरून उतरणारा उजेड. आता शंकाच उरली नाही. काखेतली जुनी जाडजूड वही त्यांनी टेबलावर आपटली.

“चोर!” ते शिष्येवर गरजले. “आठ वर्षं शिकवलं तुला. आणि तू खाल्ल्या घरचे वासे मोजलेस? हे चित्र माझं आहे. बघू दे सगळ्यांना!”

लोक गोळा झाले. तिचा चेहरा पांढराफटक पडला. सरांना काडीचीही दया आली नाही. चोराला कसली दया? त्यांनी पान उघडून धरलं. पेन्सिलीत काढलेली तीच बाई, तोच जिना, तोच उजेड.

“बोल की आता! दातखीळ बसली का?”

“सर, तेव्हा ही वही वर्गात सगळ्यांच्या हाती फिरायची.” तिचा आवाज कापत होता, पण भीतीने नव्हे. “सुचलं की लगेच उतरवा, वही कुणाची का असेना. नियम तुमचाच होता. छायेच्या रेघा बघा.”

सरांनी पाहिलं. उजव्या हाताने छाया भरली की रेघा उजवीकडे झुकतात, डाव्या हाताने भरली की डावीकडे. पहिल्या तासाला ते स्वतःच हे शिकवायचे. या रेघा डावीकडे झुकल्या होत्या. वर्गात डावखुरी ती एकटीच होती.

वही इतकी वर्षं घरच्या कपाटात. तिच्यातलं सगळं आपलंच, असं ते कधीपासून धरून चालले होते, त्यांनाही आठवेना.

“असेल एखादं पान तुझं,” ते पुटपुटले.

“एखादं?” तिने वही ओढून घेतली, फडाफडा पानं उलटली आणि एक पान सगळ्यांसमोर धरलं. बंद दुकानाच्या पायरीवर झोपलेला हमाल. हे चित्र तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सरांना सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं होतं ते याच्यावरच. इथल्याही रेघा डावीकडे झुकल्या होत्या.



“त्या दिवशी मी पहिल्या रांगेत होते, सर,” ती म्हणाली. “तुमचं भाषण संपेपर्यंत मला वाटत होतं, आता तुम्ही माझं नाव घ्याल.”