ट्रंकेचं झाकण

थंडी सरली की सगळ्यांचे लोकरी कपडे पत्र्याच्या एकाच ट्रंकेत जातात. बाबा घड्या रचतात, मी डांबरगोळ्या टाकते आणि शेवटी आई झाकणावर बसते. झाकण दबलं की बाबा कडी लावतात. "तुम्हा काडीपैलवानांचं काम नव्हे हे," ती दरवर्षी ऐकवते. यंदा ती हॉस्पिटलातून घरी येऊन आठवडाच झाला होता. "मी बसते," मी म्हटलं. "सरक बाजूला," म्हणत आई बसली. झाकण बोटभर उघडंच राहिलं. तिने जोर लावून पाहिलं. कडी काही लागेना. "अगं, ऊठ जरा," बाबा म्हणाले. "माझा कोट बाहेरच राहू दे. मला अजून थंडी वाजते." त्यांनी कोट काढून अंगात चढवला. आई पुन्हा बसली. खट्कन कडी लागली. "बघितलंत, काडीपैलवान?" ती म्हणाली. डोक्यावर पंखा गरगरत होता. बाबांनी गळ्यापर्यंत बटणं लावली.