निळा कप

अमेरिकेतल्या जॉर्जियात कृष्णवर्णीयांच्या एका जुन्या दफनभूमीत उद्या स्मृतिसोहळा होता, म्हणून तिथल्या मराठी मंडळाने सफाई हौसेने अंगावर घेतली. गवतात जागोजागी फुटके कप, तडकलेल्या बशा पडल्या होत्या. मंडळातल्या वृंदाला फुटकी भांडी घरातही खपत नसत. तिने सगळी कचऱ्याच्या ट्रकमधून पाठवून दिली. दुपारी चर्चमधल्या वृद्ध मिस अर्नेस्टीन फुलं घेऊन आल्या. “एकदम क्लीन झालं ना?” वृंदाने विचारलं. त्यांनी गवतात इकडेतिकडे शोधलं. “नावाचे दगड लावायची आमची ऐपत नव्हती,” त्या म्हणाल्या. “माणूस गेलं की त्याचा कप फोडून खूण म्हणून थडग्यावर ठेवायचो. आईचा निळा होता.” वृंदाला बाबांच्या चितेपाशी फोडलेलं मडकं आठवलं. तिने ट्रकवाल्याला फोन लावला, तर ट्रक केव्हाच रिकामा झाला होता. मिस अर्नेस्टीन फुलं हातात धरून उभ्याच राहिल्या. पाऊल कुठे टाकावं, हेही त्यांना कळेना.