सुनेचे फाटके मांडे

सहावा मांडा फाटला, तेव्हा मंदाबाई खाटेवरून उठल्या.

चार महिने त्या चुलीकडे फिरकल्या नव्हत्या. चहा खाटेवर, जेवण खाटेवर, तोंड भिंतीकडे. पण खापरावर सांडलेलं पुरण जळत होतं, आणि तो वास काही त्यांना सहन होईना.

"हाऊ मांडा शे का गोधडी?" दारातूनच त्या कडाडल्या.

सून रत्ना चुलीपुढे बसली होती. पदर कमरेला घट्ट खोचलेला, हात कोपरापर्यंत पिठाचे. "आई, हातावर घेतला की फाटतोच."

"फाटेल नाही तर काय! पिळतेस कशी, धुणं आहे का ते? बठ्ठं पुरण वाया घालशी!"

एकतीस वर्षं अमळनेरात लग्न कुणाचंही असो, मांडे मंदाबाईंचे. पुरण भरलेला गोळा त्या दोन्ही हातांवर असा खेळवायच्या की बघता बघता तो परातीएवढा व्हायचा, आणि पालथ्या खापरावर पडताना त्याला एक सुरकुती नसायची. लोक आधी त्यांना सुपारी द्यायचे, मग मंगल कार्यालय बघायचे.

मग आमवात आला. बाकीची दुखणी पाहुण्यासारखी येतात, चार दिवस राहून जातात. हे घरजावई होऊन बसलं. बोटं वाकली, मनगटं सुजली. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या जन्मभर आणि मांडे बंद. मंदाबाईंनी घेतलेल्या सुपाऱ्या परत पाठवल्या. मुलाला, आकाशला म्हणाल्या, "खापर गच्चीवर ठेव. पाखरांच्या पाण्याला होईल." त्यानंतर त्या कुणाच्या लग्नाला गेल्या नाहीत. गल्लीतून वरात निघाली की खिडकी लावून घ्यायच्या.

खापर आज रत्नानेच खाली आणलं होतं. होळी आली, घरात पुरणाचं काही नको का, म्हणून. तीन वर्षं झाली तिच्या लग्नाला, पण त्या घरात खापराला मंदाबाईंखेरीज कुणाचा हात लागलेला नव्हता. धुळ्याला मुलगी बघायला गेल्या तेव्हा त्यांनी स्वयंपाकाचं विचारलंसुद्धा नव्हतं. "मांडे माझ्या घरात मीच करते. तिने भात केला तरी पुष्कळ," असं वर सुनावून आल्या होत्या.

रत्नाने ओल्या बोटांनी खापरावर दोन थेंब शिंपडले, ते कसे नाचतात पाहिलं आणि एक लाकूड मागे ओढलं. मग सातवा गोळा घेतला.

"कोपर वर! बोटं मीट!"

फाटला. काठ चांगले, बरोबर मधोमध भोक.

मंदाबाईंनी तो मांडा दोन तळव्यांत धरून उजेडाकडे नेला. बराच वेळ पाहिला.

"उद्या परत," त्या म्हणाल्या. "आणि माझी खुर्ची इथे आणून ठेव."

मग रोजच सुरू झालं. सकाळी गरम पाण्यात हात बुडवून बसायचं, नऊ वाजता खुर्चीवर. त्यांचं ओरडणं गल्लीच्या टोकापर्यंत जायचं. शेजारची बेबाबाई नुसती मजा बघायला आली आणि पीठ तिंबायला बसली. मग आणखी तिघी आल्या. त्या महिन्याभरात तयार झाल्या. सगळ्यांत मागे रत्नाच.

"एवढी शिकलेली पोर," मंदाबाई सगळ्यांदेखत म्हणायच्या, "हात आहे का फावडं?"

रत्ना मान खाली घालून पुढचा गोळा घ्यायची.

एकदा न राहवून मंदाबाईंनीच गोळा उचलला. बोटं उघडलीच नाहीत. गोळा पायाशी पडला. मंदाबाई हातांकडे बघत राहिल्या, आणि डोळे भरून आले. तेवढ्यात रत्नाने आपला मांडा खापरावर असा आपटला की त्याचे सरळ दोन तुकडे.

"अगं बये!" मंदाबाईंनी दंडाने डोळे पुसले. "इकडे बघ माझ्याकडे! पुन्हा सांगते."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली आणि सावद्याचे केळीवाले देवचंद नाना आले. नातीचं लग्न, पाचशे पान.

"बाई, तुमचे हात चालत नाहीत असं ऐकलं."

"हातांच्या पाच जोड्या आहेत, नाना. जीभ एकच, ती माझी."

नानांनी सुपारी ठेवली. रात्री मंदाबाई एवढंच म्हणाल्या, "एक मांडा फाटला तर एकतीस वर्षांचं नाव गेलं."

सावद्याला मांडवामागे पाच चुली, पाच खापरं, आणि मधोमध खुर्ची. मंदाबाईंनी पहाटेपासून तोंड मिटलं नाही. पंगती उठत होत्या, बसत होत्या. रशीची आमटी उरली, आमरस उरला. मांडे मात्र ताटात पडले की संपत होते. एक फाटला नाही. रत्नाचासुद्धा नाही.

"कुणाच्या हातचे हे?" पंगतीतून एका म्हातारीने विचारलं.

"मंदाबाईंच्या!" चुलीवरून पाचही जणी एकदम ओरडल्या.

नानांनी भर मांडवात लुगडं दिलं. मंदाबाईंनी वाकडी बोटं पदराखाली लपवली नाहीत. तेच हात पुढे करून त्यांनी लुगडं घेतलं, आणि उठायच्या आत तीन नव्या सुपाऱ्याही.

रत्नाची आई मंजुळाबाई नवरदेवाच्या नात्यातली, म्हणून धुळ्याहून लग्नाला आली होती. ती हसत हसत खुर्चीजवळ येऊन टेकली.

"विहीणबाई, बायका काय म्हणतात ऐकलं का? आमची रत्ना म्हणे तुमच्याकडे मांडे शिकली! अहो, बारा वर्षांची होती तेव्हापासून माझ्या जोडीला खापरावर बसायची. धुळ्यात आमच्या भाऊबंदांच्या लग्नात शंभर शंभर मांडे एकटीने काढलेत तिने. एक फाटला असेल तर शपथ!"

मंदाबाईंनी चुलीकडे पाहिलं. रत्ना तिथे पाठमोरी भांडी आवरत होती.

"हळू बोला, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "मला पहिल्याच दिवशी कळलं, हे तिला अजून ठाऊक नाही."