राहणाऱ्यालाच देणे आहे

“कंपनीचे असाल तर फाटकातूनच परत फिरा,” बाई पायरीवरून म्हणाल्या.

“नाही हो काकू, आम्हाला राहायलाच हवंय.” नवरा हसला. मागून बायको आली. एक हात कमरेवर, एक पोटावर. सातवा महिना, पहिलंच.

बाई म्हणजे शाळेच्या बाई. छत्तीस वर्षं पोरांच्या थापा पकडल्या, आता दलालांच्या पकडत होत्या. गल्लीतल्या चौदापैकी तेरा घरं कंपनीनं विकत घेऊन भाड्यानं लावली होती. दारांवर आकड्यांची कुलपं. दरवर्षी भाडं वाढायचं, दरवर्षी माणसं बदलायची. शेजारी कोण राहतं हे बाईंना पोस्टमनकडून कळायचं! म्हणून तर घर विकायला काढताना फाटकावरची ‘राहणाऱ्यालाच देणे आहे’ ही पाटी त्यांनी स्वतः रंगवली होती.

बायकोनं पर्समधून आल्याचा तुकडा काढून तोंडात टाकला.

“जिना सावकाश गं,” नवरा म्हणाला. “ऐकतच नाही हो ही. भराभरा चढते.”

वरच्या छोट्या खोलीत ती थांबली. “पाळणा इथे. खिडकीपाशी.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. “कंपनी चार लाख जास्त देतेय.”

“मग आमचं काही खरं नाही,” नवरा म्हणाला. “तीन घरं अशीच हातची गेली.”

“तोंड पाडू नकोस. घर तुम्हालाच. माणसं कळतात मला.”

दीड वर्ष झालं. बाई आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, भाचीच्या शेजारी दोन खोल्यांत राहत होत्या. गुडघ्यांमुळे जुन्या गल्लीत जाणं झालं नव्हतं. पण ते बाळ एव्हाना चालत असणार. त्याच्या मापाचा स्वेटर विणून होत आला होता, फक्त एक बाही राहिली होती. तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या गल्लीतही तीच कंपनी घरं घेत सुटली होती.

“ताई, विकलं बाई घर एकदाचं!”

“कंपनीला नाही ना?”

“छे! तू शिकवलंस तसंच केलं. माणूस बघून दिलं. चार लाखांवर पाणी सोडलं, पण जोडपं काय गोड आहे! ती तर आलं चघळत घरभर फिरली. म्हणाली, पाळणा खिडकीपाशी ठेवणार.”

बाईंच्या सुया थांबल्या.

“कितवा महिना?”

“सातवा, ताई. पहिलंच आहे.”